बंद स्टेशनात गाडी थांबली

"मी फलाटाच्या कडेला उभी होते, असं सांगा."

"तू बाकड्यावर बसली होतीस."

"ते मला माहीत आहे. त्यांना कुठे माहीत आहे?"

"मला माहीत आहे ना. मी बघितलं तेच सांगणार."

"सांगा. खुशाल सांगा आणि मग जा डेपोत चाकं पुसायला."

"चाकं पुसीन, नाहीतर झाडू मारीन. पण तू कडेला नव्हतीस."

मास्तरीणबाईंनी किटली इतक्या जोरात खाली ठेवली की झाकण उडून बशीत पडलं. हातात आता एकच हुकमी पत्ता उरला होता. तो त्यांनी आठवडाभर रोज टाकला होता, आज पुन्हा टाकला. "बरं, मी कडेला नव्हते. मग तुम्ही थांबलात कशाला?"

ड्रायव्हरसाहेबांनी कप उचलला, आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "चहा गार झालाय."

तेवढ्यात आतल्या खोलीतून वन्संचा आवाज आला. साहेबांची ही थोरली बहीण डोळ्यांवर रुमाल टाकून तास न् तास पडून असायची, पण घरातलं अक्षर न् अक्षर तिला ऐकू जायचं. "अगं, दोघं मिळून एकच काय ते खोटं ठरवा," ती म्हणाली. "दोन तोंडांनी दोन गोष्टी सांगितल्यात तर दोघांनाही घरी बसवतील. आणि तुम्ही दोघं दिवसभर घरी बसलात तर मी कुठे जाऊ?"

गोष्ट अशी होती. मागच्या आठवड्यात भर दुपारी ड्रायव्हरसाहेबांनी प्रवाशांनी भरलेली गाडी अशा स्टेशनात थांबवली, की जिथे त्यांच्या लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर एकही गाडी थांबलेली नव्हती. भुयारी रेल्वेच्या नकाशावर ते स्टेशन आता नव्हतंच. नवीन पिढीला तर त्याचं नावही ठाऊक नव्हतं. त्या बंद स्टेशनची राखण करायची नोकरी होती साहेबांच्या बायकोची. उद्या सकाळी दोघांची चौकशी होती आणि चौकशीत प्रश्न एकच: गाडी का थांबली?

बंद फलाटावर उजेड आणि गर्दी बघून ड्रायव्हर गोंधळला असेल, तर त्याचं वय झालं. त्याला गाडीवरून उतरवून डेपोत बसवणार. कडेला कोणी धोक्यात दिसलं म्हणून थांबला असेल, तर ड्रायव्हर निर्दोष, वर शाबासकीसुद्धा. पण मग स्टेशनच धोक्याचं ठरणार. जिन्याच्या तोंडाशी विटांची भिंत बांधून ते कायमचं बुजवणार आणि बाईंची रवानगी हरवलेल्या छत्र्यांच्या खात्यात होणार. म्हणजे नवऱ्याची केबिन वाचेल, नाहीतर बायकोचं स्टेशन. केबिन वाचवायची, हे बाईंनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. आणि बाईंनी ठरवलेलं या वेळी चालू द्यायचं नाही, हे साहेबांनी.

मास्तरीणबाई हा काही त्यांचा हुद्दा नव्हे. कागदावर त्या साध्या देखभाल मदतनीस. पण ज्या स्टेशनात दुसरं कुत्रंही नाही तिथली मास्तरीण तीच, असं एकदा कुणीतरी थट्टेत म्हणालं आणि ते नाव त्यांना गोंदल्यासारखं चिकटलं. बाई सुरुवातीला रागावायच्या. पुढे पुढे कुणी नुसतं "बाई" म्हटलं तर त्या मागे वळून बघेनाशा झाल्या.

तरुणपणी त्या याच स्टेशनात तिकिटं विकायच्या. तेव्हा स्टेशन चालू होतं, म्हणजे जेमतेम. पुढचं स्टेशन इतकं जवळ होतं की इथे चुकलेली गाडी धावत जाऊन तिथे पकडता यायची, आणि काही तरणी पोरं ती पकडायचीसुद्धा. खिडकीत बसून बसून बाईंना झोप यायची. मग एक नवा ड्रायव्हर आला. गाडी उभी असेपर्यंत तो केबिनमधून अर्धा बाहेर लटकून तिकीट-खिडकीकडे बघायचा. मागचा गार्ड ओरडायचा, तेव्हा गाडी हलायची. त्या काळात त्या मार्गावरच्या गाड्यांना रोज थोडा उशीर व्हायचा आणि त्याचं कारण वरच्या ऑफिसात कुणाला कळत नव्हतं. स्टेशनातल्या हमालापर्यंत बाकी सगळ्यांना कळत होतं.

लग्न झालं आणि वर्षाच्या आत स्टेशन बंद झालं. वन्सं अजून सांगते, "लग्न लागलं आणि गाडी थांबायची थांबली. सगळ्या संसाराचं असंच असतं म्हणा, पण यांचं सरकारी हुकमाने झालं."

बाकीच्यांच्या बदल्या झाल्या. पण बंद स्टेशनलाही कुणीतरी लागतं. जमिनीखालची जागा ती. पंप चालवला नाही तर पाणी भरतं, पंखे फिरवले नाहीत तर हवा कोंदते आणि कोंदलेली हवा मग पुढच्या स्टेशनात शिरते. ही नोकरी कुणालाच नको होती. बाईंनी ती मागून घेतली. लोकांना वाटलं, बाई भोळी. साहेबांना वाटलं, चार दिवस करेल आणि सोडेल. बाईंनी मात्र पहिल्या दिवशी जाऊन तिकीट-खिडकीची काच पुसली. मग फलाट झाडला. मग बाकडी ओल्या फडक्याने पुसली. तेव्हापासून रोज पुसतात. कशाला पुसता, कोण बसतंय तिथे, असं पंप तपासायला येणारा मेकॅनिक दर खेपेला विचारायचा. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. पाहुणे येत नाहीत म्हणून कुणी अंथरूण झटकायचं सोडतं का?

त्यांना जमिनीखालचं वावडं नव्हतं, कारण वडील खणणारे. पुढच्या वळणापाशी एक भलंमोठं स्टेशन होणार होतं, चार जिने आणि मधोमध घड्याळ असलेलं. बाईंच्या वडिलांनी ऐन उमेदीची वर्षं ते खणण्यात घातली. पोकळी खणून झाली, खांब उभे राहिले आणि मग वरती कुणाचं तरी मन फिरलं. स्टेशन झालंच नाही. आजही गाडी तिथून जाताना आवाज एकदम मोठा होतो, जणू गाडीने जांभई दिली, आणि पुन्हा बारीक होतो. एवढीच त्या स्टेशनची खूण. वडील मरेपर्यंत म्हणायचे, की मला तिथून फुकट प्रवासाचा पास देणार होते. बाई म्हणायच्या, "बाबांचं स्टेशन जन्मलंच नाही आणि माझं सेवानिवृत्त झालं. त्यातल्या त्यात मी नशीबवान."

वरून बघाल तर काही कळत नाही. कुलपं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आणि बेकरी यांच्यामध्ये एक हिरवा लोखंडी दरवाजा, बस. बेकरीच्या नव्या नोकराला वाटायचं, ते बाईंचं घर. ही बाई सकाळी कुलूप उघडून घरात शिरते आणि संध्याकाळी घराला कुलूप लावून जाते, हे बघून तो बिचारा चक्रावला होता.

आत मात्र बाईंचा संसार होता, आणि खरं सांगायचं तर नवरा-बायकोची भेट घरापेक्षा तिथेच जास्त व्हायची. साहेबांच्या पाळ्या वेड्यावाकड्या. घरी आले की झोपायचे, नाहीतर वन्संचं ऐकून घ्यायचे. पण दिवसातून कितीतरी वेळा त्यांची गाडी बाईंच्या फलाटासमोरून धडधडत जायची. बंद स्टेशनातून जाताना ड्रायव्हरने एक शिट्टी द्यायची, असा नियमच होता. आत कुणी काम करत असेल तर त्याने सावध व्हावं म्हणून. शिट्टी सगळेच ड्रायव्हर द्यायचे, पण साहेबांची शिट्टी बाई शंभरात ओळखायच्या. लांब शिट्टी म्हणजे मन खुशीत. तुटक म्हणजे वरिष्ठांशी वाजलंय. शेवटी जरा उंच गेली तर समजायचं, आज लवकर घरी येतोय. उत्तरादाखल बाई टॉर्च वर करायच्या. भांडण झालेलं असलं तर टॉर्च खालीच. मग गाडी जाताना शिट्टी पुन्हा व्हायची, बारीकशी, खाकरल्यासारखी. तरीही टॉर्च खाली राहिला तर साहेब समजायचे की आज घरी जाताना बेकरीतून काहीतरी नेलेलं बरं.

नियम आणखी एक होता, आणि तो पूर्णपणे बाईंच्या हातात होता. गाडी येताना फलाट अंधारात हवा. मागच्या स्टेशनातून गाडी सुटली की बाईंच्या खोलीत घंटी वाजायची. घंटी वाजली की बाईंनी फलाटाचे सगळे दिवे घालवायचे आणि टॉर्च घेऊन भिंतीशी उभं राहायचं. प्रवाशांना खिडकीतून काळोखाशिवाय काही दिसता कामा नये, नाहीतर उगाच कुणी उठून दारापाशी यायचं. इतक्या वर्षांत बाईंच्या हातून हे एकदाही चुकलं नव्हतं. ताप असतानासुद्धा नाही.

मग सिनेमावाले आले.

बंद पडलेलं, पण आरशासारखं लख्ख स्टेशन शहरात एकच, हा शोध त्यांना कुठून लागला कोण जाणे. रेल्वेने परवानगी दिली आणि बाईंचं स्टेशन बघता बघता बारा गावचं पाणी प्यायलं. कधी ते युद्धातलं आसऱ्याचं ठिकाण झालं, कधी चोरांचा अड्डा. एकदा तर मेलेल्या माणसांचं प्रतीक्षालय झालं होतं आणि त्या दिवशी बाईंनी डबा वरती, बेकरीच्या पायरीवर बसून खाल्ला. दर सिनेमात पाटीवर नवं नाव लागायचं. सिनेमावाले गेले की बाई ती पाटी काढून जुनी लावायच्या आणि फडकं मारायच्या, बाहेरून खेळून आलेल्या पोराचं तोंड पुसावं तशा.

बाईंचा हेका होता की आपल्याला त्या नट्यांचं वगैरे काही कौतुक नाही. आपल्याला आपलं काम. वन्संचं म्हणणं वेगळं होतं. सिनेमावाले यायच्या दिवशी घरातला आरसा एकटा सापडत नाही, असं तिचं निरीक्षण होतं.

त्या दिवशीचा दिग्दर्शक किडकिडीत, गळ्यात मफलर गुंडाळलेला. "आणखी एकदा" हे दोनच शब्द तो दिवसभर म्हणायचा, म्हणून बाई त्याला आणखीएकदा असंच म्हणायच्या, आणि तोही ओ द्यायचा. प्रसंग साधा होता. फलाटावर प्रवासी उभे आहेत, बाकड्यावर एक बाई पेटी घेऊन बसली आहे, गाडी येते, बाकीचे सगळे शांतपणे चढतात आणि ती बसूनच राहते. गाडी अर्थात नव्हती. पुढच्या आठवड्यात रेल्वेकडून एक रिकामी गाडी भाड्याने मिळणार होती. आज फक्त वाट बघण्याचं तेवढं उरकायचं आणि चढण्याची तालीम करून घ्यायची. गर्दीत उभं राहायला आणलेल्या माणसांना आणखीएकदाने दहादा बजावलं होतं: गाडी आली की एकमेकांकडे बघायचं नाही, ढकलायचं नाही, सरळ आत.

पेटीवाली बाई आलीच नाही. तिची दाढ ठणकत होती. आणखीएकदाने इकडे तिकडे बघितलं आणि त्याची नजर भिंतीशी टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या मास्तरीणबाईंवर थांबली.

बाई नको म्हणाल्या. हे आपल्याला जमायचं नाही, म्हणाल्या. घंटी कोण ऐकणार, म्हणाल्या. एवढं सगळं म्हणून होईपर्यंत कपडेवालीने त्यांना विटकरी रंगाचा लांब कोट चढवला होता, डोक्यावर टोपी ठेवली होती, आणि शेवटचं नको म्हणताना बाई आपली आपणच कोटाची बटणं लावत होत्या.

त्या बाकड्यावर बसल्या. हे बाकडं त्यांनी हजारो वेळा पुसलं होतं, पण त्यावर आपण कधी टेकलो नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. पेटी पायाशी ठेवली. आणखीएकदा हळूच म्हणाला, अभिनय करू नका, नुसती वाट बघा. कॅमेरा चाकांवरून सरकत त्यांच्या चेहऱ्यापाशी आला. कुणी हलेना, कुणी बोलेना. जन्मात पहिल्यांदा इतकी माणसं श्वास रोखून बाईंकडे बघत होती.

घंटी वाजली. बाईंना ती ऐकू आली. हे त्यांनी पुढे कुणापासून लपवलं नाही. घंटी ऐकू आली, उठायला हवं हेही कळलं, आणि त्या उठल्या नाहीत. तोंडासमोर कॅमेरा होता. आत्ता, एवढं झालं की, असं त्यांचं मन म्हणत राहिलं.

बोगद्यातून वारं आलं. रुळांवर उजेड पडला. शिट्टी झाली आणि मधेच तुटली. मग ब्रेकचा असा काही कर्कश आवाज झाला की ध्वनीवाल्याने कानावरचं यंत्र उपटून फेकलं, आणि आख्खी गाडी, डब्यामागून डबा, बाईंच्या लखलखीत फलाटाला लागून उभी राहिली. दारं उघडली.

क्षणभर सगळे पुतळे. मग गर्दीतल्या त्या गुणी माणसांनी, एकमेकांकडे न बघता, न ढकलता, सरळ आत पाऊल टाकलं. दहादा बजावलेलं होतं. आणखीएकदा ओरडायला तोंड उघडत होता, तेवढ्यात त्याला दिसलं की शॉट अप्रतिम चालला आहे, म्हणून त्याने तोंड मिटलं आणि कॅमेरावाल्याला कोपराने ढोसलं. तिकडून काही खरे प्रवासी उतरले. वर्तमानपत्राची घडी बगलेत मारलेले एक आजोबा उतरले आणि चहूकडे बघून म्हणाले, "चला, उघडलंत एकदाचं. माझं घर इथेच वर आहे, रोज उगाच पुढे जाऊन उलटं चालत यावं लागतं."

आणि मास्तरीणबाई उठल्या, पेटी उचलली आणि गाडीत चढल्या.

दारं मिटली. गाडी हलली. वडिलांच्या न झालेल्या स्टेशनापाशी तिने जांभई दिली. बाईंनी खिडकीच्या काचेला नाक लावलं, पण काळोखाखेरीज काही दिसलं नाही. पुढच्या स्टेशनात साहेब केबिनमधून उडी मारूनच उतरले आणि डबा डबा धुंडाळत आले. एका डब्यात सापडली: विटकरी कोट, टोपी, मांडीवर पेटी, शेजारी सिनेमातल्या तीन बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडलेल्या.

"उतर," साहेब म्हणाले.

"तिकीट नाही माझ्याकडे," बाई म्हणाल्या.

हे प्रकरण कदाचित आपापसात मिटलंही असतं. पण ते आजोबा दुसऱ्या दिवशी वेळात वेळ काढून, नवा सदरा घालून रेल्वेच्या मुख्य ऑफिसात गेले आणि स्टेशन पुन्हा सुरू केल्याबद्दल त्यांनी साहेबलोकांचे मनापासून आभार मानले. मग कुठे लपणार?

चौकशीची खोली चौथ्या मजल्यावर होती. खिडकीतून इतका उजेड येत होता की दोघंही जमिनीखालची माणसं डोळे बारीक करून बसली. साहेबांनी गणवेशाला इस्त्री केली होती. बाईंनी, कुणाला कळू नये अशा बेताने, चौकशी करणाऱ्या अधिकारीणबाईंचं टेबल बोटाने पुसून बघितलं. धूळ होती. त्यांना जरा धीर आला.

अधिकारीणबाईंना सर्दी झाली होती. शिंक आली की त्या हात वर करायच्या आणि शेजारी बसलेला टायपिस्ट थांबायचा. सुरुवातीचे प्रश्न सरळ होते. दिवे चालू होते का? होते, बाई म्हणाल्या, चूक माझी, घंटी ऐकली आणि उठले नाही. अधिकारीणबाईंनी मान वर केली. इतकं सरळ उत्तर त्या खोलीत बऱ्याच दिवसांत कुणी दिलं नसावं.

मग त्या साहेबांकडे वळल्या. पण विचारायच्या आत मास्तरीणबाईच म्हणाल्या, "मी कडेला उभी होते. अगदी कडेला. तोल जात होता. म्हणून त्यांनी थांबवली."

"बाकड्यावर होती," साहेब म्हणाले.

"यांना लांबचं नीट दिसत नाही."

"म्हणजे मला डेपोत पाठव तूच. मला लांबचं दिसतं. बाकड्यावर होतीस, टोपी घातली होतीस आणि टोपी तिरकी होती."

"टोपी कुणी विचारली तुम्हाला?"

अधिकारीणबाईंनी हात वर केला. सगळे शिंकेची वाट बघत थांबले, पण शिंक आलीच नाही. त्या साहेबांना म्हणाल्या, "तुमची तब्येत ठीक, डोळे ठीक, इतकी वर्षं एक चूक नाही. बंद स्टेशन आहे हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. मग उजेड बघून गोंधळलात का?"

बाई एकदम नवऱ्याकडे वळल्या. हो म्हणाले की संपलं. उद्यापासून हा माणूस डेपोतल्या लाकडी स्टुलावर बसेल आणि महिन्याभरात म्हातारा होईल, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

"गोंधळलो नाही," साहेब टेबलाकडे बघत म्हणाले. "सकाळी आमचं भांडण झालं होतं. विषय काही मोठा नव्हता. ही म्हणाली, एक दिवस पेटी उचलीन आणि चालायला लागेन, मग बसा शिट्ट्या मारत. मी म्हटलं, जा, दार उघडंच आहे. मग मी कामावर गेलो. तेव्हापासून माझ्या शिट्टीला टॉर्च वर झाला नाही. दोनदा नाही, तीनदा नाही. चौथ्या वेळी बोगद्यातून बाहेर येतो, तर फलाटावर उजेड आणि ही कोट घालून, पेटी घेऊन गाडीची वाट बघत बसलेली." ते थांबले. "माझ्याच गाडीने चालली होती, बाईसाहेब. न थांबून कसं चालेल?"

टायपिस्टची बोटं हवेतच राहिली. त्याने हळूच विचारलं, "हे लिहायचं का?"

मास्तरीणबाईंना कुठे बघावं कळेना. नको तितका उजेड होता त्या खोलीत.

अधिकारीणबाईंनी रुमालात नाक खुपसलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. काढलं तेव्हा डोळे ओले होते; सर्दी वाईटच. मग त्या टायपिस्टला सावकाश सांगू लागल्या, की ड्रायव्हर गोंधळलेला नव्हता, त्याने बोगद्याच्या तोंडापासून माणूस ओळखलं, टोपीसकट. त्याला नुकसान होताना दिसलं म्हणून त्याने गाडी थांबवली, आणि नुकसान टाळण्यासाठी गाडी थांबवता येते असा नियम आहे. हे नुकसान स्टेशनामुळे होणारं नव्हतं, तेव्हा स्टेशनला दोष देता येत नाही. स्टेशन आहे तसं राहील. दिव्यांबद्दल राखणदार बाईंना ताकीद, आणि यापुढे त्यांनी बटणापाशी असावं, बाकड्यावर नव्हे. ड्रायव्हरने उद्यापासून नेहमीच्या पाळीवर यावं.

साहेबांनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. बाईंनी तो आपसूक हाताने दाबून धरला.

उठायची वेळ झाली होती. पण साहेब उठेनात. ते खुर्चीत पुढे सरकले आणि भीत भीत म्हणाले, "बाईसाहेब, मी का थांबलो ते सांगितलं. एक तुम्ही हिला विचारा. मी विचारून थकलो. सिनेमात चढायची माणसं वेगळी होती, हिला तर त्याने बसूनच राहायला सांगितलं होतं. तो आणखीएकदा स्वतः म्हणाला मला. मग दार उघडल्यावर ही चढली का?"

अधिकारीणबाईंनी टायपिस्टकडे बघून मान हलवली. त्याने यंत्रावरून हात काढून मांडीवर ठेवले. खोलीत कुणीही काहीही लिहीत नव्हतं.

"हे चौकशीत नाही," त्या मास्तरीणबाईंना म्हणाल्या, आणि खुर्ची जराशी पुढे ओढून घेतली. "पण सांगाच. नाटकातलं चढणं होतं, का खरंच निघाला होतात?"

साहेब बायकोकडे बघत होते. केबिनमधून अर्धे बाहेर लटकायचे तेव्हा असेच बघायचे. टायपिस्टही बघत होता. बाईंनी पदार्थाची चव घेताना करतात तसे ओठ हलवले, तिघांकडे आळीपाळीने बघितलं, पर्स काखेला लावली, खुर्ची होती तशी टेबलाखाली नीट सरकवली आणि दार उघडून त्या बाहेर चालत्या झाल्या.